सातव्या नंबरची थरथर

संध्याकाळी पाच वाजता झेरॉक्सचं मशीन बंद पडलं आणि रांग चिडली. दुकानदाराने मशीनवर बुक्का उगारला, एवढ्यात रांगेतला एक उंच तरुण पायरीवर चढला.

"मंडळी, मशीन दमलंय. आपणही दमतो. म्हणून कुणी आपल्या पाठीत बुक्के घालतं का?"

दुकानदाराचा हात हवेतच राहिला. रांग हसली. मशीन सुरू होईपर्यंत तो बोलतच होता... न अडखळता, एकेकाच्या डोळ्यांत बघत.

रांगेच्या शेवटी उभी असलेली तरुणी मात्र हसली नाही. तो तिच्या चाचणीतला सातवा नंबर होता. तासाभरापूर्वी याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, तिच्याच खोलीत, तो फोनसमोर शब्दाशब्दाला अडखळत, कापऱ्या आवाजात बोलला होता.

ती आणि तिचा दादा मिळून एक ॲप बनवत होते. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. फोनच्या पडद्यावर माणसांनी भरलेलं सभागृह दिसायचं. कुणी जांभई देई, कुणी घड्याळ बघे. त्यांच्यासमोर बोलायचं, खाली एक काटा आवाजातली थरथर मोजायचा. लागोपाठ तीनदा काटा हिरव्या पट्ट्यात राहिला, की विद्यार्थी चाचणीतून मोकळा. चाचणीला आलेल्यांना नंबर दिले होते. बाकी सगळे मोकळे झाले, सातवा तेवढा लालमध्ये. शुक्रवारी अहवाल कॉलेजच्या समितीपुढे जायचा होता. समितीने नाही म्हटलं, तर दोन वर्षांचं काम पाण्यात.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती दादाला म्हणाली.

"मुरतंय कसलं, वाहतंय! कुणीतरी पाठवलाय त्याला."

दादाचं मागचं ॲप त्याच्याच एका मित्राने, रोज येऊन-बसून, उचललं होतं. दुधाने तोंड पोळलेला दादा आता ताक तर सोडाच, पाणीसुद्धा फुंकून पीत होता.

दुसऱ्या दिवशी सातवा आला, केसांवरचं पावसाचं पाणी झटकत.

"काल झेरॉक्सच्या दुकानात छान बोललात," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. "तुम्ही... होतात तिथे?"

"शेवटपर्यंत. तोंडाचा पट्टा नुसता सुरू होता."

"तिथे कुणी मोजत नव्हतं."

"उत्तर चांगलं आहे. पाठ केलंय?"

तो हसला. तिला त्या हसण्याचाही संशय आला; जरा जास्तच मनापासून होतं ते.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग खोटं का अडखळता?"

त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सुरुवातीला खरंच अडखळायचो. शाळेत भाषण विसरलो आणि मंचावरून पळालो. तेव्हापासून घरी पाहुणे आले तरी आतल्या खोलीत बसायचो. तुमच्या ॲपने सुटलो. पण काटा सलग दोनदा हिरव्यात गेला, आणि तुम्ही म्हणालात, अजून एकदा, की तुमचं इथलं काम संपलं..."

"मग?"

"मग बरं व्हायचीच भीती वाटायला लागली."

तिचे कान गरम झाले. तरी तिने विचारलं, "काटा कसा फसवलात?"

"अर्धा श्वास आधीच सोडून द्यायचा. उरलेल्यावर बोलायचं. आवाज आपोआप कापतो."

तिने स्वतः करून पाहिलं. काटा सरळ लालमध्ये.

हे सगळं तिने अहवालात घातलं, तेव्हा दादाने कपाळाला हात लावला. "अगं, बरा झाला असं लिही आणि मोकळी हो! झालाय ना तो?"

"असं तो म्हणतो."

"मग गाळून टाक त्याला."

"आपला काटा फसतो, दादा. ते गाळलं, तर आपणही त्याच माळेचे मणी."

शुक्रवारी समितीने अहवाल ठेवून घेतला. कळवतो म्हणाले.

शनिवारी सातवा दारात हजर.

"चाचणी संपली," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण काटा दुरुस्त करायचा, तर फसवणारा माणूस लागेल ना?"

दादा आतून ओरडला, "पगार मिळायचा नाही हं!"

"चहा?"

"आपापला करून घ्यायचा!"

तिने फोन टेबलावर उभा केला. "एकच वाक्य रोज म्हणायचं. एकदा अर्ध्या श्वासावर, एकदा पूर्ण श्वास घेऊन. म्हणजे फरक कळेल."

"कुठलं वाक्य?"

"कुठलंही."

त्याने फोनकडे पाहिलंच नाही. "मला तुम्ही आवडता."

आतल्या खोलीतली दादाची कीबोर्डवरची टकटक थांबली.

"वाक्य... लहान आहे," ती काट्याकडे बघत म्हणाली.

"वाढवू?"

"नको. चालेल."

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. नवा काटा मात्र अर्ध्या श्वासाला फसत नाही. दादाने, झेरॉक्सवाल्याने आणि तिने स्वतः करून पाहिलं. काल सातव्याने ते वाक्य पूर्ण श्वास घेऊन म्हटलं. काटा लालमध्ये गेला आणि तिथेच राहिला. थरथर खरी आहे, असं काट्याचं म्हणणं.

काट्यात अजून काहीतरी दोष असावा, असं तिने दादाला सांगितलं आहे. सातव्याला उद्या पुन्हा बोलावलं आहे.