सदाफुली कोणी खुडली?

"आजच मेंढरं काढ, जोतीराम," आबासाहेब म्हणाले. "रानात खतासाठी बसवायला बोलावलं तुला, दारातली फुलझाडं खायला न्हाय."

सुकन्याने मागच्या उन्हाळ्यापासून वाढवलेल्या सदाफुलीच्या काटक्या आणि बुडाशी थोडी पानं तेवढी उरली होती. जोतीरामची मुलगी सारजा, या सुट्टीतली तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणाली, "आमच्या मेंढरांनी न्हाय खाल्लं."

सुकन्याने तोंड उघडलं. आबासाहेबांचा, आपल्या आजोबांचा, रागावलेला चेहरा पाहिला आणि मिटलं.

दुपारी कळप काटेवाडीतून निघून गेला.

सुकन्याला चैन पडेना. पानं उरलेली एक डहाळी तिने शेजारच्या शंभूराजच्या शेळीपुढे धरली. शेळीने हुंगलं आणि मान फिरवली.

"माझी भूगोलाची वही खाल्ली हिनं," शंभूराज म्हणाला, "आणि हे न्हाय?"

"सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची."

"मग परदेशी जमत नसंल तिला."

"गप रे. शेळी जे सोडते, ते मेंढरू कशाला खाईल? आणि हे बघ, देठ नखाने खुडलेत."

संध्याकाळी दोघांनी उरल्यासुरल्या पानांच्या देठांना कपड्यांची नीळ चोपडली. सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. अप्पांचा अंगठा निळा. तात्यांची बोटं निळी. आबासाहेबांचीसुद्धा!

"साखरेच्या दुखण्यावर बरी म्हणं ती पानं," अप्पा पुटपुटले. "मी आपली दोनच घेतो."

"मी बी दोनच," तात्या म्हणाले.

"पण सांगितलं कुणी तुम्हाला?" सुकन्याने विचारलं.

सगळी रांग आबासाहेबांकडे बघायला लागली. आबासाहेबांनी हातातली किटली खाली ठेवली. नातीला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि कळपाच्या वाटेने निघाले.

नीरेच्या काठी लेंड्या आणि खुरांच्या खुणा तेवढ्या होत्या. कपडे धुणारी शकुबाई म्हणाली, "फटफटतानाच मेंढरं नदी उतरून गेली की. पोरगी सारखी मागं बघत व्हती."

आबासाहेब मोटारसायकल लावून काठावर उतरले. "डोकं लावलंत तुम्ही दोघांनी. शाबास. मी बी दोनच घ्यायचो, म्हणून मेंढरांवर आळ घेतला. इचारलं बी न्हाय कुणाला."

"सारजा खरं बोलत होती, आबा. मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

सुकन्या खुरांच्या खुणांमागे पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली.

"फुडल्या साली सांगावा धाडू जोतीरामला," आबासाहेब हळूच म्हणाले.

"येतील ते?"

पलीकडच्या काठावर एकही मेंढरू दिसत नव्हतं.