वाहरूचा डोस

शटर अर्धं खाली ओढ रिषभ, आणि ओट्यावर येऊन बस. लाइट आता तासभर तरी येत नाही. चांदनी, तूही बस. तुझे वडील, इंदरमलशेठ, सकाळीच म्हणाले, पोरगा सोमवारपासून सुरतेकडच्या लॅबमध्ये लागतोय. पेढाही खाल्ला मी. पण तिथं जाण्याआधी एवढं ऐकून जा. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. नवलसिंग भलतंसलतं सांगत फिरतो असं नवापुरात कुणी म्हणत नाही. हे ज्याच्याबाबतीत घडलं तो लोटन माझा शेजारी. अजून जिवंत आहे, हवं तर जाऊन विचार.

लोटन त्या लॅबची गाडी चालवायचा. काम साधं. लॅबमध्ये रात्री इंजेक्शन तयार व्हायचं, ते शिशाच्या जाड डब्यात घालायचं, डबा पेटीत, पेटी गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधायची आणि पहाटे नंदुरबारच्या स्कॅन सेंटरला पोचवायची. ते औषध किरणं सोडतं. शरीरात टोचलं की जिथं जाऊन बसेल तिथला उजेड मशीनवर दिसतो. तू शिकलायस, तुला माहीत आहे. चांदनीसाठी सांगतो. आणि ते टिकत नाही. पावणेदोन तास, फार तर एकशे दहा मिनिटं, की अर्धं संपलं. पुढच्या एकशे दहा मिनिटांत उरलेल्याचं अर्धं. म्हणून ते रात्रीच बनवायचं आणि रात्रीच पळवायचं. लोटन म्हणायचा, ‘काका, बर्फ ली जावानं काम शे, फक्त पानी दखात नई.’

हे औषध नवीन होतं. ते शोधणारी बाई ममता वसावे, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली. सिकलसेलच्या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग माणूस हाडांत खिळे ठोकल्यासारखा ओरडतो. पण बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. ममताबाईंनी सहा वर्षं घालवून असं औषध तयार केलं, की रक्त जिथं अडकलंय तिथंच ते जाऊन बसावं. माणसांवर तपासायची परवानगी मिळाली आणि पहिलं नाव लागलं वाहरूचं.

वाहरू चोवीस वर्षांचा. त्याच डोंगरातला. दरवर्षी आईबरोबर, सोनीबाईबरोबर, गुजरातेत ऊस तोडायला जायचा.

पहिल्या वेळी तो डोंगरातून खाली नंदुरबारला आला आणि डोस आलाच नाही. शेवटच्या तपासणीत औषध शुद्ध निघालं नाही. अगदी थोडं कमी. लॅबमधले म्हणाले, चालेल. ममताबाई म्हणाल्या, ‘माणसात घालायचंय ते. नाही चालणार.’ वाहरू परत गेला.

दुसऱ्या वेळी सोनगढजवळ ट्रक आडवा झाला. लोटन तीन तास अडकला. पोचला तेव्हा औषधात जीव उरला नव्हता. वाहरू पुन्हा परत. त्या दिवशी लोटनला वाईट वाटलं. त्यानं वाहरूला गाडीत घेऊन अक्कलकुव्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत पोरग्यानं एकदाच विचारलं.

‘दादा, फोटोमा दुखनं दखाई का?’

‘बाई म्हनस, दखाई.’

‘मुकादम म्हनस, नाटक करी ऱ्हायना. दवाखानामा बी म्हनतस, गोळी खा नि जाय.’

मग खिडकीबाहेर बघत बसला.

आता ती रात्र. दोन हजार चोवीस साल, तेरा डिसेंबरचा शुक्रवार संपून चौदा तारखेचा शनिवार लागलेला. दत्तजयंतीची पहाट. थंडी अशी, की म्हशींच्या पाठीवर गोणपाटं टाकलेली. आणि थंडीत हा आजार उसळतो. वाहरूला बुधवारीच नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्यात भरती केलं होतं, स्कॅन सेंटरच्या शेजारीच.

दोन वाजून तीस मिनिटांनी ममताबाईंनी स्वतः पेटी हातात दिली.

‘लोटनदादा, आज शंभर टक्के शुद्ध आहे. आज पोचलंच पाहिजे. छातीत नेमकं कुठं अडकलंय ते दिसलं, तर डॉक्टर लगेच रक्त बदलतील. नाहीतर नुसते अंदाज करत बसतील.’

‘पोचाडस ताई.’

लोटन निघाला. डॅशबोर्डवर किरणं मोजायचं लहान मीटर असतं. ते सावकाश वाजत होतं. टिक. मग बऱ्याच वेळानं टिक. म्हणजे डबा नीट बंद आहे. व्यारा गेलं, सोनगढ गेलं. चार वाजून पाच मिनिटांनी त्यानं नवापूर सोडलं. चिंचपाडा मागे पडलं. विसरवाडीला हायवे सोडून तो खांडबाऱ्याच्या रस्त्याला लागला तेव्हा साडेचार झाले होते. चांद मागे, आरशात. रस्ता पांढरा पडलेला.

दहा मिनिटं गेली असतील.

पुढं रस्त्याच्या कडेला माणूस उभा.

हात केला नाही. नुसता उभा. अंगावर दवाखान्याचं हिरवं ब्लँकेट. पायात काही नाही. लोटननं वेग कमी केला, दिव्यात तोंड आलं आणि त्यानं ओळखलं. वाहरू.

गाडी थांबली. काच खाली केली.

‘अरे, तू आठे कसा? तू ते दवाखानामा व्हता ना?’

‘मन्ही दवाई शे ना दादा गाडीमा?’

‘शे.’

‘मंग माले बी लई चाल.’

लोटनला वाटलं, दुखण्यानं पोरगा वेडा झाला, दवाखान्यातून पळाला. कुणाला गाडीत घ्यायची परवानगी नव्हती. पण उघड्या पायांनी त्या थंडीत सोडणार कसं? त्यानं वाकून पुढचं दार उघडलं. वाहरू बसला. हाताला सलाइनची सुई तशीच. चिकटपट्टीखाली.

गाडी निघाली.

‘दुखी ऱ्हायनं का रे?’

‘नई. थांबनं.’

लोटन म्हणाला, ‘चांगलं व्हयनं.’

आणि मीटर वाजायला लागलं.

टिक. टिक टिक. टिकटिकटिकटिक...

डबा फुटला! त्यानं गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन बॅटरीच्या उजेडात पेटी बघितली. पट्ट्या घट्ट. कुलूप जागेवर. सील शाबूत. तसं शिकवलेलं असतं, म्हणून मीटर काढून पेटीजवळ नेलं.

मीटर शांत झालं.

तो परत आला. मीटर पुढच्या सीटजवळ धरलं.

ते किंचाळलं.

वाहरू समोर बघत होता.

लोटननं मीटर बंद केलं. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. गाडीत बसला. चावी फिरवली. निघाला.

खांडबाऱ्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी यायची होती. लोटन थांबला. इंजिन बंद केलं. आत थंडीनं काचेवर वाफ धरली होती...

फक्त लोटनच्या बाजूला.

चार वाजून बावन्न मिनिटं. फोन वाजला. ममताबाई.

‘लोटनदादा, कुठं आहात?’

‘खांडबारा.’

‘सावकाश या आता. घाई नाही.’

‘का ताई?’

‘वाहरू गेला. चार वीसला. श्वासच अडकला. आई जवळ होती त्याच्या.’

लोटन फोन धरून बसला.

मालगाडी आली. डबे... डबे... डबे...

त्यानं डावीकडे बघितलं नाही. पण दिसत होतं. ब्लँकेटचा हिरवा रंग. मांडीवरचा हात. ती सुई.

‘दादा? ऐकताय ना?’

‘...हा.’

फोन बंद झाला. फाटक उघडलं.

चांदनी, तू विचारशील, पळाला का नाही? मीही विचारलं. तो म्हणाला, ‘काका, दार उघाडाले हातच उचलाये ना.’ आणि उतरून जाणार कुठं? तिथून नंदुरबार तीसेक किलोमीटर. तेवढं अंतर लोटननं गाडी चालवली. शेजारी त्याला घेऊन.



एक गाव गेलं. दुसरं गेलं. एका ठिकाणी कुत्री रस्त्यावर आली आणि तशीच मागे सरली.

शहराचे दिवे दिसले तेव्हा शेजारून आवाज आला. हळू.

‘फोटो काढतीन ना, दादा?’

लोटननं मान हलवली. हो म्हणून.

पाच पस्तीस. स्कॅन सेंटरचं गेट. गाडी थांबली. लोटन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. दार उघडल्याचा आवाज आला नाही.

लागल्याचा आला.

मग त्यानं बघितलं. सीट रिकामी.

शेजारच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सोनीबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. समोर स्ट्रेचरवर पांढरी चादर, आणि तिच्याबाहेर आलेले उघडे पाय. लोटन तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं पेटी आत दिली होती. तिथल्या टेक्निशियननं सील तोडलं, शिशाचा डबा उघडला. बाटलीत औषध होतं तेवढंच होतं. पण किरणं मोजायला गेला तर काटा हलेना. तीन तासांत तिसरा हिस्सा तरी उरायला हवा होता, रिषभ. तिथं साधं पाणी होतं.

लोटननं त्याच दिवशी चावी ठेवली. आता कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो चालवतो. दिवसाच.

ममताबाई दहा वाजता नंदुरबारला पोचल्या. पहिला डोस चालेल म्हणून पाठवला असता तर... हे त्या कुणाला बोलून दाखवत नाहीत. काम सोडलं नाही त्यांनी. त्या औषधानं पुढं आठ जणांचे फोटो निघाले, दोघं वेळेवर वाचले. तुला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. पण त्यांच्या टेबलाच्या खणात एक फिल्म आहे. ती कुठल्याच नोंदीत नाही. तू मागू नकोस. कधीतरी त्या स्वतःच दाखवतील. मला दाखवली, कारण मी या धंद्यातला.

त्या सेंटरवर रोज सकाळी मशीन रिकामं चालवून बघतात. टेबलावर काही नाही, खोलीत कुणी नाही. चित्र काळंच यायला हवं. त्या शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी टेक्निशियननं तसंच चालवलं. दार बंद होतं. काचेतून टेबल त्याला दिसत होतं. रिकामं.

पडद्यावर माणूस आला.

दोन्ही खुबे पेटलेले. पाठीचे मणके. नडग्या. डावीकडच्या बरगड्या. ममताबाईंनी ती फिल्म सोनीबाईला खिडकीच्या उजेडात दाखवली. म्हातारीनं एकेक जागेवर बोट ठेवलं. हे दुखायचं. हे लहानपणापासून. हे ऊस तोडताना. मग बोट छातीच्या मधोमध आलं. तिथं सगळ्यात जास्त उजेड होता.

ती म्हणाली, ‘हे त्यानं माले कधी सांगं नई.’

मी ती फिल्म बराच वेळ हातात धरून उभा होतो. तीस वर्षांत हजारो माणसं अशा टेबलांवर झोपलेली बघितलीत मी. त्या स्कॅन मशीनचा बोगदा एवढाच असतो, माणसाला त्यात आडवंच व्हावं लागतं. उठून बसायला जागाच नसते.

फिल्ममधला माणूस झोपलेला नव्हता. गुडघे वाकलेले, हात मांडीवर.

तो बसलेला होता.