गादी बघून घेतलेलं मशीन

राहीची थोरली बहीण विमला लग्न होऊन केळशीला गेली ते साल १९८३. लग्न मे महिन्यात झालं. वऱ्हाडाबरोबर हापूसच्या बारा पेट्या गेल्या आणि प्रत्येक पेटीत आंब्यांच्या खाली-वर सड्यावरचं, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाळ पठारावरचं, सुकं, लांब गवत घातलेलं होतं. ते गवत लक्षात ठेवा. बागेच्या मालकांनी, आप्पांनी, ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आप्पा मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षं खुर्चीवर बसले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पूर्णगडच्या वरच्या अंगाला, सड्यावर, वीस एकरांची हापूसच्या कलमांची बाग घेतली आणि मधोमध बंगला बांधला. गवताची एक मूठही त्यांनी कधी कापली नव्हती. तरी विमलाच्या लग्नात ते पंगतीतून फिरून प्रत्येकाला सांगत होते, की आपण गवत कापायचं मशीन आणणार, तेही बसून चालवायचं. जेवणारे मान हलवत होते. तोंडात जिलबी असली की माणूस कशालाही मान हलवतो.

मशीन कसं निवडलं ते खालच्या वाडीला कळलं, कारण राहीचे काका धाकू मुंबईत कामाला होते आणि आप्पांनी त्यांना ओझं उचलायला सोबत नेलं होतं. एका परदेशी साहेबाचा बंगला रिकामा होत होता, तिथे दोन मशीनं विकायला होती. एक काळं, कुरूप, मागून चालत ढकलायचं. त्याला पुढे फणीसारखे दाते होते आणि ते कात्रीसारखे चालत. तिथल्या माळ्याने ते कमरेएवढ्या गवतात घालून दाखवलं. गवत बुडातून कापलं गेलं आणि अख्खंच्या अख्खं बाजूला आडवं झालं. माळी म्हणाला, साहेब, तुमच्या जमिनीला हेच घ्या. दुसरं तांबडं, गोल स्टिअरिंगचं. त्याच्या पोटाखाली पंख्यासारखं फिरणारं एक पातं. ते साहेबलोकांच्या हिरवळीसाठी, घोट्याएवढ्या गवतासाठी बनवलेलं. पण त्याला बसायला गादी होती. आप्पा गादीवर बसले, दोनदा वर-खाली हलून पाहिलं, आणि निवड संपली.

मशीनबरोबर इंग्रजीत माहितीचं पुस्तक आलं. बंगल्याच्या पडवीतलं टेबल डुगडुगत होतं. आप्पांनी ते पुस्तक टेबलाच्या पायाखाली सारलं.

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. राही सातवीत, तिचा चुलतभाऊ शिवा सहावीत आणि शेजारच्या सखूची चिमा पाचवीत. तिघांची सुट्टी सड्यावरच जायची, कारण दरवर्षी या दिवसांत वाडीतल्या बायका गवत कापायच्या. रीत जुनी होती. कापलेल्या गवताचे भारे बांधायचे, दर तिसरा भारा बागेच्या मालकाचा, बाकीचे कापणारीचे. त्यावर वाडीतली गुरं पावसापर्यंत जगायची. सखूचा नवरा नव्हता. दोन बैल होते. बैल जगले तर नांगर चालायचा, नांगर चालला तर भात व्हायचं.

त्या वर्षी आप्पांनी निरोप धाडला, की कोणी गवताला हात लावायचा नाही, सगळं मशीनने कापायचं. बाग क्रिकेटच्या मैदानासारखी दिसायला हवी होती त्यांना. कलमांना क्रिकेट खेळायचं असावं.

मशीन हाकायला बाबल्याला ठेवलं. तो मुंबईत टॅक्सी चालवून परत आला होता आणि सावलीतही काळा चष्मा घालायचा. पहिल्या दिवशी सगळी वाडी गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर, बसून बघत होती. मशीन गवतात शिरलं, दहा हात गेलं, घुसमटलं आणि बंद पडलं. बाबल्याने आडवं होऊन त्याच्या पोटातलं गवत हाताने उपसलं. पुन्हा दहा हात. पुन्हा उपसणं. चार दिवसांत बंगल्यापुढे चार खाटा मावतील एवढी जागा मोकळी झाली. तिथलं गवत तंबाखूसारखं बारीक होऊन मातीत मिसळलं होतं. सखूच्या बैलांनी ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. शिवा म्हणाला, बैलांना आप्पांपेक्षा जास्त कळतं. चिमा म्हणाली, त्यात काय कठीण आहे.

पाचव्या दिवशी दुपारी आरडाओरडा झाला. बागेच्या टोकाला, गडग्याजवळच्या गवतात, मशीन उभं होतं. त्याचं पातं एका बाजूने तुटलेलं होतं आणि चाकाशेजारी सखूचा विळा दोन तुकडे होऊन पडला होता. आप्पा ओरडून सांगत होते, की गवत मिळालं नाही म्हणून या बाईने मुद्दाम विळा मशीनच्या वाटेत टाकला.

सखू म्हणाली, "आप्पानू, मी खोटं नाय बोलत. करवंदीच्या काटक्या तोडायला आल्ये होत्ये. विळा गडग्यात खोचून पाणी प्यायला गेल्ये. परत येत्ये तर विळा नाय."

तिचं कोणी ऐकलं नाही. राहीचे आजोबा भागोजी वाडीचे मानकरी होते. ते एवढंच म्हणाले, की उद्या सकाळी आप्पांच्या अंगणात बैठक बसेल. बाकीची मोठी माणसं जमिनीकडे बघत राहिली. आप्पांनी देवळाच्या मंडपावर पत्रे घालून द्यायचं कबूल केलं होतं. अजून पत्रे आले नव्हते, पण माणसं आधीच वाकली होती. आप्पांनी बजावलं, की दोष ठरला तर सखूने सड्यावर पाय ठेवायचा नाही आणि वाडीचं गवत कायमचं बंद.

सगळे गेल्यावर चिमाने विचारलं, "आमचे बैल काय खाणार गो, राही?"

 राही मशीनच्या मागच्या गवताकडे टक लावून बघत होती. मग ती खाली बसली आणि गवताच्या काड्या हाताने उभ्या करायला लागली.

"शिवा, मशीन इथे गवत कापत आलं असं आप्पा म्हणाले ना?"

"हो. कापता कापता विळ्यावर गेलं म्हणे."

"मग कापलेलं गवत कुठे आहे?"

शिवाने वाकून पाहिलं. चाकांनी गवत आडवं केलं होतं, पण एकही काडी कापलेली नव्हती. सगळी मुळापासून शेंड्यापर्यंत शाबूत.

"म्हणजे इथे येताना पातं फिरतच नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "ते आधीच तुटलं होतं."

"आणि हे एवढ्या सगळ्या बाप्यांना दिसलं नाही," चिमा म्हणाली.

तिघं आडव्या गवतामागून उलटे निघाले. गवत संपलं तिथे उघडा कातळ लागला. तांबड्या कातळावर तेलाचे काळे थेंब होते, दर दोन-चार पावलांवर एक. थेंब बागेच्या फाटकातून बाहेर पडले, पाव मैल चालले आणि पाखाडीशी पोचले. पाखाडी म्हणजे सड्यावरून खाली रस्त्याकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट. पायऱ्या रुंद आणि उथळ होत्या, बैलसुद्धा उतरायचे. वरून तिसऱ्या पायरीची कड ताजी फुटली होती आणि तिच्या सांदीत तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा अडकला होता. त्याची एक बाजू धारदार होती. शिवाने तो आपल्या टॉवेलात गुंडाळला.

पाखाडीच्या पायथ्याशी गोदूबाईचं चहाचं दुकान होतं. राहीने विचारलं, की आज बाबल्या मशीन घेऊन इकडे आला होता का.

गोदूबाई भजी तळत होती. तिने झारा निथळला आणि मुलांकडे पाहिलं.

"बाबल्या आला होता. चालत," ती म्हणाली. "मशीनवर आप्पा होते."



आप्पांना आपण गाडीवरून दुकानाच्या दारात उतरतो हे रस्त्यावरच्या लोकांना दाखवायचं होतं. बाबल्या पुढे पळत वाट दाखवत होता. तिसऱ्या पायरीवर खाड्कन आवाज झाला. मग दोघांनी मशीन वळवलं आणि भजी न खाताच गेले. हे सांगून गोदूबाईने पुढचा घाणा सोडला.

"तुम्ही हे उद्या बैठकीत सांगाल, काकी?" राहीने विचारलं.

"मला कोण विचारतंय? बायांना बैठकीत विचारतात होय?"

घरी जाऊन त्यांनी विळा पाहिला, तो भागोजींच्या ओटीवरच ठेवला होता. विळ्याचं पातं कापलं गेलेलं नव्हतं. ते ठेचलेलं होतं आणि ठेचलेल्या जागी कातळाची तांबडी भुकटी बसली होती. कोणीतरी ते दगडावर ठेवून दगडानेच तोडलं होतं. शिवा म्हणाला, आता धावत जाऊन आजोबांना सांगू. राही नको म्हणाली. मुलांनी सांगितलं तर आप्पा हसून उडवतील आणि मोठी माणसं त्यांच्याबरोबर हसतील. आप्पांच्या तोंडूनच ते बाहेर यायला हवं.

सकाळी अंगणात सगळी वाडी जमली. आप्पा पडवीत टेबलाशी चहा घेत बसले होते. त्यांनी पुन्हा सगळी हकिगत सांगितली. कालच्यापेक्षा ती लांबली होती. आता सखू मशीनकडे बघून हसत पळालेलीही त्यांना दिसली होती.

राही पुढे झाली. "आप्पा, एक विचारू? पात्याचा तुटलेला तुकडा कुठे पडला?"

"कुठे म्हणजे? तिथेच, विळ्याशेजारी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मग उचलला नाहीत?"

"असला कचरा मी उचलतो होय? पडला असेल अजून तिथेच."

शिवाने टॉवेल उलगडला आणि तुकडा पडवीच्या पायरीवर ठेवला. राही म्हणाली, "हा काल पाखाडीच्या तिसऱ्या पायरीत अडकला होता. मशीनला लावून बघा, बसतो का."

भागोजी स्वतः उठले. मशीन अंगणातच आणून ठेवलं होतं. त्यांनी खाली वाकून तुकडा पात्याला लावला. तंतोतंत बसला. बाबल्या घाईघाईने म्हणाला, की पातं जोरात फिरतं, तुकडा उडून गेला असेल.

"पाव मैल?" भागोजी म्हणाले.

बाबल्याने काळा चष्मा पुसायला घेतला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आप्पाही बघायला लागले, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. तेवढ्यात मागून गोदूबाईचा आवाज आला. दुकान बंद करून ती आली होती.

"त्या बाबल्याकडे काय बघताय? तो चालत होता. वर आप्पा बसले होते. भज्यांसाठी गाडी पायऱ्यांवरून आणत होते."

कोणीतरी हसलं. मग सगळी वाडी हसली. बाबल्याने लगेच कबूल केलं, की विळा आपणच ठेचला आणि आप्पांच्या सांगण्यावरून ठेचला. टॅक्सीवाला होता, कुठे वळायचं ते त्याला कळायचं. आप्पा म्हणाले, की हे मशीनच खराब निघालं, दगडावरून जाताना पातं वर उचलायची सोय कंपनीने ठेवायला नको का?

शिवाने टेबलाखाली हात घालून पुस्तक ओढून काढलं. टेबल कललं आणि चहा आप्पांच्या धोतरावर गेला. दुसऱ्याच पानावर चित्र होतं. त्यातला माणूस दगड दिसल्यावर एक दांडा ओढून पातं वर घेत होता. खालचं इंग्रजी राहीने अडखळत वाचलं. चित्र पाहिल्यावर वाचायची गरजही नव्हती. दांडा आप्पांच्या गादीच्या उजव्या हाताला होता. ते त्यावर टोपी अडकवायचे.

भागोजींनी निकाल दिला. गवताची रीत पूर्वीसारखीच चालेल. आप्पांनी नवा विळा आणून सखूच्या हातात, सगळ्यांसमोर द्यायचा. मग ते मुलांकडे वळले. "मोठ्यांनी बघायचं ते या पोरांनी बघितलं," ते म्हणाले. "आम्ही पत्र्यांकडे बघत बसलो." मानकऱ्याने एवढं बोलणं म्हणजे खूप होतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना तेवढंच येत होतं.

गवत कापून झालं. दर तिसरा भारा बायकांनी आप्पांच्या दारात नेला, तर आप्पा म्हणाले, हा कचरा मला नको, घेऊन जा. त्या घेऊन गेल्या.

मग मे महिना आला. कलमं लगडली, आंबे उतरवले, लाकडी पेट्या आल्या, आणि पेट्यांत घालायला बागेत काडी नव्हती. उघड्या फळ्यांवर आंबे डागळायला लागले. बाबल्या तोवर मुंबईला परत गेला होता. आप्पा एकटेच खाली वाडीत आले आणि सखूच्या दाराशी उभे राहिले. ती बैलांना पाणी दाखवत होती. तिने मान वर केली नाही.

"गोठ्याच्या माळ्यावर आहेत तुमचे भारे," ती म्हणाली. "उचलून न्या."

आप्पांनी पहिला भारा डोक्यावर घेतला आणि पाखाडी चढायला लागले. पाखाडीच्या माथ्यावर राही, शिवा आणि चिमा बसली होती. आप्पा प्रत्येक पायरीवर थांबत होते. वरून तिसऱ्या, फुटक्या पायरीवर जरा जास्तच थांबले. तांबडं मशीन वर अंगणात उभं होतं आणि त्याच्या गादीवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

भागोजी १९८६च्या शिमग्यात वारले. आप्पा १९९१ साली मुंबईत वारले. सखू २००४च्या कार्तिकात वारली. त्या वर्षीचं गवत कापून झालं होतं.