भूमापकाच्या घरातील बोलनळी

ज्या दिवशी माझ्या आयुष्याने वळण घेतले, त्या दिवशी मी त्या घरात केवळ मेजाचा एक अडकलेला खण सोडवण्यासाठी गेलो होतो.

ते घर एका थोर भूमापकाचे. त्यांच्या पश्चात त्याचे संग्रहालय झाले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर अभ्यासिका. दर रविवारी माझ्या वयाची मुले-मुली तेथे हौसेने मार्गदर्शकाचे काम करीत. मी त्यांच्यापैकी नव्हतो. दहावीनंतर मी पुस्तकांना सोडले की पुस्तकांनी मला, हे सांगणे कठीण. परंतु सतराव्या वर्षी मी मामांच्या हाताखाली सुतारकाम शिकत होतो.

खण घासून बसवीत असता जिन्यावर पावले वाजली. दारात एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात जाड वही होती आणि पाठीमागे अकरा पाहुणे होते.

"तू वरचा का?"

मी त्या डोळ्यांकडे पाहिले आणि — असत्य बोललो.

"हो."

"मग असा बसलास काय? सांभाळ यांना. आणि आधी गुडघ्यावरचा भुसा झटक."

ती निघून गेली. मला भूमापकांविषयी ओ की ठो ठाऊक नव्हते, तेव्हा लाकडाविषयी जे ठाऊक होते तेच सांगितले. मेजाची डावी कड अधिक झिजली आहे, त्याअर्थी मालक डाव्या कोपरावर भार देऊन बसत असावेत, असे म्हणताच अकराही जण वाकून ती कड न्याहाळू लागले. दाराआडून व्यवस्थापिकाबाई ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून ये."

अशा रीतीने मी खरोखरच 'वरचा' झालो.

खालचा मजला तिचा होता. सर्वांच्या चुका काढते म्हणून मुले तिला हेडमास्तरीण म्हणत. खालचे दाखवून झाले की ती पाहुण्यांना जिन्यापाशी माझ्या स्वाधीन करी.

"घे तुझी माणसं. चौदा आहेत. मोजून परत दे."

"एखादं जास्त निघालं तर?"

"तर ते तूच असशील. खाली यायला निमित्त शोधत असतोस…"

माझे कान तापत. तथापि मी तिचे बोलणे वरून ऐकतो, हे तिला ठाऊक नव्हते. अभ्यासिकेच्या भिंतीतून एक पितळी नळी थेट स्वयंपाकघरात उतरली होती. वर तोंड लावून बोलले की खाली ऐकू जाई आणि वर कान लावला की खालचे सारे ऐकू येई. माझी खोली रिकामी असली की मी कान लावी. "काका, चुलीला हात लावू नका, ती तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे," असे ती म्हणे, लोक हसत आणि वर मी एकटाच हसे.

तिचे वडील शिंपी होते. तिला इतिहास शिकायला दूरच्या विद्यालयात जायचे होते आणि त्यासाठी संग्रहालयाचे शिफारसपत्र लागत असे. "पत्र आणलंस तर खुशाल जा, नाही तर दुकानात काजं-बटणं कर," असे वडिलांनी सांगितले होते. हे तिने मला जिन्याच्या पायरीवर बसून सांगितले. त्या वेळी तिचा आवाज प्रथमच हेडमास्तरणीचा वाटला नाही.

एके दिवशी एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "बाळा, मालक या नळीतून काय बोलायचे रे?"

"बोलत नसत, आजी… ऐकत असत. खाली त्यांच्या पत्नी काम करताना स्वतःशीच बोलायच्या. तो आवाज ऐकायला ते हातातलं काम थांबवायचे."

आजींनी डोळे पुसले. पुढच्या रविवारी नळीतून हेच शब्द मला तिच्या तोंडून ऐकू आले! जिन्यावर भेटल्यावर ती म्हणाली, "आजींनी सांगितलं मला. किती सुंदर आहे रे ते! तुला कुठे मिळालं?"

"मिळालं… असंच."

ते मी स्वतः रचले होते. खरे सांगण्याची ती वेळ होती आणि मी ती दवडली.

शिफारसपत्राचा निर्णय करण्यासाठी संग्रहालयाच्या समितीचे एक सर आले, तो दिवस मी विसरणे शक्य नाही. वर मी नळीला कान लावून उभा होतो. तिने सारे उत्तम सांगितले. शेवटी तिने माझी गोष्टही सांगितली.

"नळी केव्हा बसवली?" सरांनी विचारले.

"घर बांधल्यावर नवव्या वर्षी."

"आणि पत्नी केव्हा वारल्या?"

वहीची पाने उलटल्याचा आवाज आला. मग अगदी हळू — "सातव्या."

"मग ते ऐकत कोणाला होते? कोणी सांगितलं तुला हे?"

आता ती माझे नाव घेणार, असे मला वाटले. तिने घेतले नाही.

"मी तपासलं नाही, सर. चूक माझी आहे."

माझ्याने राहवले नाही. मी नळीला तोंड लावले.

"सर…"

खाली एक भांडे पडले. "अगं बाई, भिंत बोलतेय!" व्यवस्थापिकाबाई किंचाळल्या.

"सर, ती थाप माझी आहे. मालकांनी कधी कान लावला की नाही, मला माहीत नाही. मी लावतो. दर रविवारी. खाली ती बोलत असते… म्हणून."

"खाली ये," बाई म्हणाल्या.

मी उतरलो. तिचे मुख आरक्त झाले होते. रागाने की कशाने, हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

"पाहुण्यांना थापा मारतोस?" सर म्हणाले.

"खरं स्वतःच्या नावावर सांगायचं धाडस नव्हतं, सर. म्हणून मालकांच्या नावावर सांगितलं."

सर उगाचच खोकले आणि तिच्याकडे वळले. "तू याचं नाव का नाही घेतलंस?"

"दोन्ही सालं माझ्याच वहीत आहेत, सर. मीच शेजारी ठेवून पाहिली नाहीत."

"पत्र आज मिळणार नाही," सर म्हणाले. "चार रविवार दोघांनी बसून जुनी दप्तरं वाचा. नळीचं खरं काय ते शोधून काढा. मग पाहू."

ते चार रविवार! मी ओळीखाली बोट धरून वाची. माझे पान संपेपर्यंत ती तिचे पान उलटीत नसे. शाळेत कोणी माझ्यासाठी असे थांबले असते तर… परंतु असो. तेव्हा कोणी थांबले असते, तर कदाचित मी तो खण बसवायला आलोच नसतो.

चौथ्या रविवारी मालकांच्या रोजनिशीत मलाच ते सापडले. "आचाऱ्यासाठी नळी बसविली. पहिला निरोप — मीठ कमी." पुढील पानावर — "पुन्हा मीठ कमी." त्यापुढे — "आता जास्त."

आम्ही पोट धरून हसलो. मग ती माझ्याकडे वळली.

"थापाड्या…"

"काय?"

"तुझी गोष्ट मी आता पाहुण्यांना सांगणार नाही."

"बरोबरच आहे. खोटी आहे ती."

"खोटी आहे म्हणून नाही रे." तिने रोजनिशी हलकेच मिटली. "माझी आहे म्हणून. आपलं कोणी गावभर वाटत फिरतं का?"

मी ती रोजनिशी उचलून कपाटात ठेवली, तीही उलटी.

सरांनी पत्र दिले. ते वडिलांना दाखवायला तिने मला सोबत नेले. दुकानात वडिलांनी चष्म्यातून पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले. मग मला आपादमस्तक न्याहाळले.

"आणि हे कोण?"

"यानंच शोधलं, बाबा. ते मिठाचं."

"ते राहू दे. हा कोट कुणी शिवलाय?" संग्रहालयाचा तो उसना कोट माझ्या अंगावर लोंबत होता. "खांदा बघ कुठे चाललाय! सरळ उभा राहा. पोरी, लिहून घे… खांदा साडेसतरा. आणि श्वास रोखू नकोस रे, छातीचं माप खोटं येतं."

ती खाली मान घालून लिहीत होती, परंतु तिच्या गालावरचे हसू मला दिसत होते. एका पत्राने ती दूर जाणार होती आणि त्याच पत्राने मला या दुकानात उभे केले होते. माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली — तिच्या वडिलांविषयी, व्यवस्थापिकाबाईंविषयी, अळणी रांधणाऱ्या त्या आचाऱ्याविषयीसुद्धा. आभार मानावेत म्हणून मी तोंड उघडले.

"बोलू नकोस," ते म्हणाले, "माप चुकतं."

म्हणून ते आभार मी आज येथे लिहून ठेवीत आहे.