तीनदा मेलेला घोडा

उत्तरेचं राखीव कुरण हातचं गेलं हे कळलं, तेव्हा शाळा उघडायला दहा-बारा दिवस उरले होते.

तालुक्याच्या कचेरीतला एन्खबोल्द जीप घेऊन आला. लोकरी नमद्याच्या गोल तंबूच्या, गेरच्या दारात उभा राहिला आणि चहालाही न थांबता त्याने हुकूम वाचून दाखवला. उपग्रहाच्या नकाशावर दक्षिणेचं खोरं दहा वर्षांत कधी नव्हे इतकं हिरवं दिसतंय. तेव्हा इथल्या आठही कुटुंबांनी यंदाचा हिवाळा तिकडे काढायचा. उत्तरेचं कुरण शेजारच्या दुष्काळी तालुक्यातल्या कळपांना मिळेल. परवा सह्या.

"आव, त्या खोऱ्यात आपली एक मेंढी तोंड घालत नाही!" बारा वर्षांची नोमुन्दारी वडिलांना म्हणाली. "हिवाळ्यात सगळा कळप मरेल!"

"आकाशातून पाहिलंय म्हणतात, पोरी," गालसान म्हणाले. "आकाशाशी कोण भांडणार?"

आणि एन्खबोल्दला ते नुसतं "बरं" म्हणाले. वसंतात आई, सारंतुया, गेली, तेव्हापासून ते सगळ्यालाच "बरं" म्हणत.

आई असती तर तिने तो कागद मागून घेऊन दोनदा वाचला असता. उपग्रहाचा नकाशा खरा की खोटा, हे जमिनीवर जाऊन पडताळायचं काम सहा वर्षं तिचंच होतं. मीटरभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट गवतावर ठेवायची, आत कुठली झाडं किती ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. ती चौकट अजून गेरमध्ये खुंटीला होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"यंदा मग कोणी मोजलं?" नोमुनने विचारलं.

तिचा मामेभाऊ दुलगून सुट्टीला शहरातून आला होता. त्याने फोनवर कचेरीचा नकाशा उघडला. "एन्खबोल्द आखनी," तो म्हणाला. मोठ्या माणसाला मुलं आख, म्हणजे दादा, म्हणत. " वीस ठिकाणं तपासली असं लिहिलंय. हे बघ, फोटोही आहेत."

तिघांची डोकी फोनवर आदळली.

"अरे, ही घोड्याची कवटी!" नोमुनचा धाकटा भाऊ तेमूल ओरडला. "इथेही आहे! आणि इथेही!"

"नऊ, बारा आणि सतरा नंबरच्या जागा," दुलगून म्हणाला. "एकमेकींपासून कोसभर लांब."

"बिचारा! एकच घोडा तीनदा मेला!"

"गप रे," दुलगून म्हणाला. "आणि कोपऱ्यात हे काळं काय आहे?"

नोमुनने फोन जवळ धरला. "जीपची खिडकी! ते खाली उतरलेच नाहीत!"

सकाळी तिने चौकट खाली काढली. गालसान पाहत होते. आता रागावतात की काय, असं तिला वाटलं.

"काम झालं की परत जागेवर ठेव," एवढंच ते म्हणाले आणि पाठ फिरवून खोगिराचा पट्टा शिवत बसले.

तिघं घोड्यांवरून दक्षिणेच्या खोऱ्यात उतरली. खोरं खरंच हिरवंगार होतं! पण घोडे फुरफुरू लागले. नाकात कडू, उग्र वास शिरला.

"मला तर छान दिसतंय," दुलगून म्हणाला.

"शहरातल्या माणसाला काय, भिंतीला हिरवा रंग दिला तरी छान!" तेमूलने एक पान तोडून चावलं आणि थू थू करत तो गोल फिरला. "शारिल्ज! त्या उपग्रहाला म्हणावं, एकदा चावून बघ!"

नोमुनने चौकट ठेवली. शारिल्ज या कडू तणाची एकेचाळीस झाडं. गवताच्या काड्या दोन. पुढच्या चौकटीत एकही नाही. दुपारपर्यंत त्यांनी वीस जागा मोजून आईच्या वहीत लिहिल्या, सगळ्या पायी. पाय भरून आले. आईचे पाय रोज असे दुखत असतील, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. आई म्हणायची, चरून चरून जमीन थकली की गवत जातं आणि शारिल्ज येतो. वरून दोन्ही हिरवंच.

तिसऱ्या दिवशी आठही कुटुंबं सह्यांसाठी जमली.

"एन्खबोल्द आख," दुलगून अगदी नम्रपणे म्हणाला, "सगळ्यात हिरवी जागा कुठली, ते दाखवाल का? मला शाळेत सांगायचंय."

एन्खबोल्द खुलला. सगळ्यांना घेऊन तो खोऱ्यात उतरला. "हीच ती जागा!"

तेमूल दोन मेंढ्या घेऊन आधीच येऊन बसला होता. सकाळपासून त्यांना काही दिलं नव्हतं. त्याने दोर सोडले. मेंढ्यांनी शारिल्ज हुंगला आणि तोंड फिरवलं. मग एकीने सरळ एन्खबोल्दच्या हातातला हुकूम ओढला आणि चावायला सुरुवात केली!

"त्यापेक्षा हुकूम गोड लागला वाटतं!" सगळ्यांत वयस्कर दोल्गोर आजी म्हणाल्या. सगळे हसले.

नोमुन हसली नाही. तिने आईची वही उघडून पुढे धरली. "वीस जागा. आणि आख, ती कवटी खरी कुठल्या जागेवर आहे?"

एन्खबोल्दचे कान लाल झाले. "रस्त्याच्या कडेला," तो म्हणाला. "बारा खोरी आणि मी एकटा. थकलो होतो गं. लांबून हिरवं दिसलं, मला बरं वाटलं."

"थकलेल्याने थकलो म्हणावं," आजी म्हणाल्या. "तपासलं म्हणू नये."

तेवढ्यात गालसान पुढे आले. त्यांनी चौकट घेतली, जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकून मोजू लागले. बोटाने एकेक झाड बाजूला सारत, आई मोजायची तसंच. सगळे थांबले.

"शारिल्ज अडतीस, गवत शून्य," ते म्हणाले. "पोरांनी बरोबर लिहिलंय. मी नाही सही करणार."

कुणीच केली नाही. एन्खबोल्दने वहीच्या पानांचे फोटो काढले, जीपमध्ये बसून कचेरीला फोन लावला आणि तासाभराने खाली उतरला. दक्षिणेचा हुकूम रद्द झाला होता. उत्तरेचं कुरण आठ कुटुंबांकडेच राहणार होतं. दुष्काळी कळपांसाठी दुसरी जागा शोधावी लागणार होती.

"सारंतुयाची पोरं शोभता!" आजींनी तिघांच्याही हातावर आरूलचे, वाळवलेल्या दह्याचे खडे ठेवले. "उपग्रहाला डोळे आहेत, पण जीभ नाही. ती तुम्ही झालात."

त्या दिवशी एन्खबोल्द चहा पिऊनच निघाला. गालसाननी आईचा लाकडी चमचा काढला आणि वाट शुभ व्हावी म्हणून जीपच्या मागे दूध शिंपडलं. वसंतानंतर पहिल्यांदाच.

नोमुनने चौकट खुंटीला लावली. वहीचं पान भरलं होतं.

तालुक्यात अशी बारा खोरी आहेत. उरलेल्या अकरांत यंदा अजून कोणीही पायी गेलेलं नाही.