वारुळावरची खडी

दुधाची वाटी वारुळापाशी टेकवली मात्र, आणि सोजराबाईचा हात जागच्या जागी थिजला! वारुळाच्या बुडातून करंगळीएवढी पाण्याची धार येत होती... आणि ती धार तांबडी होती, गढूळ होती!

माकुणसारच्या डोंगराकडे मुंबईच्या एका शेटनं नाल्यावर मातीचा बांध घातला होता. शेतीसाठी नव्हे हं, रविवारी पाहुण्यांना होडीत बसवून मिरवायला! बांधाच्या टोकाला दगडी सांडवा, त्याच्या खाचेत एकावर एक चार लाकडी फळ्या. फळ्या असल्या की तळं काठोकाठ, काढल्या की पाणी कमरेइतकं खाली. साताऱ्याकडून आलेले खंडेराव या बांधाचे राखणदार, आणि सोजराबाई त्यांची बायको. राहायला शेटचीच खोली. शेटची ताकीद अशी, की विचारल्याशिवाय फळीला हात लावाल, तर त्याच दिवशी बोचकं बांधा!

लग्नाला अठरा वर्षं होऊनही सोजराबाईची कूस उजवली नव्हती. म्हणून बांधाच्या उतारावरच्या या वारुळाला ती दर नागपंचमीला दूध-लाह्या वाहायची. आणि याच वारुळापायी तिचं घर फुटलं होतं... तीन वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात तळं आटलेलं असताना, तिचा धाकटा दीर आनंदा कुदळ घेऊन इथं उभा राहिला होता.

"वैनी, वाळवीनं आत बोगदं केल्यात. आत्ताच खणून माती ठोकून भरली न्हाय, तर एक दिस हितनंच बांध फुटंल!"

पाच वर्षांच्या पोरक्या आनंदाला जिनं पोटाशी धरून वाढवलं, तीच त्या दिवशी वारुळाला पाठ लावून बसली. "आधी माझ्यावर कुदळ घाल!" खंडेरावांनी तर भावाच्या थोबाडीतच मारली. आनंदा गेला तो तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर. गाडीनं तासाभराची वाट, पण तीन वर्षांत ना पत्र, ना पाऊल! जाताना एवढंच सांगून गेला होता, "गळतं पाणी नितळ हाय तवर भिऊ नगंस. गढूळ झालं की समज, बांध आतनं वाहून चाललाय."

आज, ऐन नागपंचमीला, ते गढूळ झालं होतं. चार दिवस पाऊस धरलेला, बांधाखाली वारल्यांचा अकरा घरांचा पाडा, आणि खंडेराव शेटला नि पाहुण्यांना आणायला सफाळ्याच्या स्टेशनवर गेलेले! विचारायचं तरी कुणाला?

पाड्यातली जमुना रानभाजी घेऊन बांधावरून येत होती. सोजराबाई ओरडली, "जमुना, मागं पळ! समद्यांना टेकडीवर ने. भांडीकुंडी ऱ्हाऊ दे, माणसं ने!"

"आन् बाय, तू?"

"मी फळ्या काढते!"

"शेट तुला ठेवंल काय गं?"

"तू पळ म्हनते न्हवं!"

सांडव्यापाशी येऊन तिनं पहार घातली. पाण्यानं फुगलेली फळी हलता हलेना. कालपासून उपास; पोटात अन्नाचा कण नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली, पहार निसटली... आणि दुसऱ्याच कुणाच्या हातानं ती धरली.

"सर वैनी. अशी कडंनं घालायची."

आनंदा! नखशिखांत भिजलेला, धापा टाकणारा आनंदा! "चार दिस पाऊस थांबंना," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "हात तिकडं कामावर, पर जीव ह्या बांधावर. आलो."

बोलायला सवड कुठं होती! एक फळी निघाली, दुसरी निघाली... चारही निघाल्या. पाणी गर्जत सांडव्यातून सुटलं, तळं बोटाबोटानं उतरू लागलं. पण वारुळाखालची धार आता मनगटाएवढी झाली होती.

"ती बुजवायची न्हाय," आनंदा धावतच म्हणाला. "वर वाळू आन् खडी घालायची. पाणी येऊ दे, माती अडली पायजे."

शेटच्या बंगल्याच्या वाटेसाठी पडलेल्या वाळू-खडीच्या ढिगातून त्यानं घमेलं भरलं, वारुळापाशी आला... आणि थबकला. समोर ताजं हळदकुंकू होतं.

"वैनी... तुझा नवस..."

सोजराबाईनं त्या हळदकुंकवाकडे पाहिलं. अठरा वर्षांची आस ती! पण पलीकडे टेकडीवर पावसात पोरं उराशी धरून पाड्यातल्या बाया उभ्या होत्या. तिनं घमेलं हिसकावलं.

"देवा, आज खनायचं नसतं. मी खनत न्हाय रं... पांघरूण घालते तुझ्यावर!"

आणि डोळे मिटून तिनं खडी ओतली. मग दोघं थांबलीच नाहीत.

खंडेराव परतले ते शेटला घेऊनच. तळं खाली गेलेलं, होडी चिखलात कलंडलेली! "फळ्या कुणी काढल्या?" शेट कडाडला. आनंदाला पाहताच खंडेराव हात उगारून उतारावरून धावले. सोजराबाई मधे उभी राहिली.

"मी काढल्या! मारायचं तर मला मारा. पर आधी ते पाणी बघा!"

खंडेराव वाकले. खडीतून पाझरणारं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. अजून तांबडं होतं ते... ओंजळीच्या तळाशी बांधाची माती बसत होती! इतक्या वर्षांच्या राखणदाराला आणखी काय सांगायला हवं होतं? ते सावकाश उठले.

"शेट, बांध माझ्या ताब्यात. फळ्या मीच काढल्या असं समजा."

"मग आजच्या आज चालता हो!"

"जातो," खंडेराव म्हणाले. मग आनंदाकडे वळले, आणि त्या करड्या माणसाचा आवाज चिरकला. "त्या दिशी तुझं ऐकाया पायजे हुतं... हात चुकला रं माझा!" भावानं भावाला मिठी मारली.

दुपार कलली तशी बोचकी बांधून झाली. आनंदा खडीपाशी मान खाली घालून बसला होता. "माझ्यापायी छप्पर गेलं तुझं. आन् वारूळबी... आता पोरासाठी कुठं मागशील, वैनी?"

"तीन वर्सं पोर कुठं मागितलं रं, येड्या?" तिचे डोळे भरून आले. "कालचा नागचवथीचा उपास बाया भावासाठी धरत्यात. मला कुठं भाऊ हाय? तू घरी यावास एवढंच मागत हुते. यंदा दूध वाटीत तसंच ऱ्हायलं, आन् तू आलास!"

आनंदाला हुंदका आवरेना. खडीतून आता बारीक धार येत होती. त्यानं ओंजळ भरली, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली.

"नितळ झालं, वैनी," तो म्हणाला, आणि ती ओंजळ त्यानं तिच्या ओठांशी धरली. "सोड उपास."