दिवेलागणीची लिफ्ट

ग्लासगोहून निघताना वाटलं होतं, जे. पी. नगरच्या घरी अजून सगळे एका पंगतीत जेवत असतील. येऊन पाहिलं, तर घराच्या जागी इमारत, मजल्यामजल्यावर एकेका काकाचं बंद दार आणि तळाशी एकटी वसुमतीअक्का, माझी थोरली आत्या. तिची बॅग भरलेली. सकाळी तिला येलहंक्याच्या वृद्धाश्रमात सोडायचं ठरलं होतं.

"स्मृती, स्वल्प भाजी गुरुदत्तला देऊन ये," अक्का म्हणाली. "जिन्यानं जा गं. दिवेलागणीला लिफ्ट नको."

"का?"

"तिथं आपलं स्वयंपाकघर होतं."

मी हसले आणि डबा घेऊन लिफ्टमध्येच शिरले.

तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं, तरी लिफ्ट पहिल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर कुणीच नाही. लाकडाच्या धुराचा, हिंगाच्या फोडणीचा वास आत आला... माझ्या खांद्याला काहीतरी उबदार घासलं. दुसऱ्यावर पुन्हा तेच. आता मला कोपऱ्यात सरकावं लागलं. तिसऱ्यावर भोंगा वाजू लागला. वजन जास्त झालं होतं. आत मी एकटीच होते.

मी बाहेर पडताच भोंगा थांबला. लिफ्ट संथपणे खाली गेली.

गुरुदत्तकाका दारातच उभा होता. "तुलाही... कळलं?"

"काय आहे हे, काका?"

"घर मोडताना चुलीवर दूध शिंपडून ती विझवायची, अशी आपली रीत. आम्ही भाऊ भांडत बसलो. जो विझवेल त्याला घर मोडल्याचा दोष, तो कुणाला हवा? चूल तशीच राहिली... तिच्यावरच लिफ्ट बांधली."

"म्हणजे आपली गेलेली माणसं रोज खाली त्या चुलीपाशी जेवायला जातात!"

त्यानं माझ्या हातातला डबा घेतला आणि दार लावलं.

सकाळी तो दुधाचं पाकीट घेऊन खाली आला. "आता तरी विझवून टाकू."

मी पाकीट हिसकावून घेतलं आणि अक्काच्या शेगडीवर दूध तापत ठेवलं. मग तिची बॅग उपसली.

"अक्का कुठेही जाणार नाही," मी जिन्यात उभी राहून ओरडले. "मीही इथेच राहणार. आजपासून सगळ्या मजल्यांचं रात्रीचं जेवण इथे!"

"आल्या मोठ्या कारभारीणबाई!" वरून धाकट्या काकू कडाडल्या.

"सरी, चालेल, पण कॉफी आत्ताच मिळणार आहे ना?" रविकिरणकाकानं विचारलं.

एकेक दार उघडत गेलं. सगळे जिन्यानं उतरले, काकूसुद्धा. अक्का डोळे पुसत पेले मांडत होती. माणसांपेक्षा पेले जास्तच होते.

इतक्यात भोंगा वाजवत लिफ्ट तळाला आली. दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. क्षणभरानं भोंगा एकदम थांबला.

मी आणखी पेले काढले.